दोऱ्याचे फूल

दिवाळीत घरात येणाऱ्या फुलांपैकी झेंडू तिसऱ्या दिवशी मान टाकतो, शेवंती त्याच्या मागोमाग जाते, आणि भाऊबीज उरकून पाहुणे परतले की केरात त्यांच्याच पाकळ्या सापडतात. कागदाची फुले दवाने लिबलिबीत होतात. दोऱ्याचे फूल मात्र पुढच्या वर्षी ट्रंकेतून काढावे, धुवावे, खळ द्यावी, की ते पुन्हा दारावर चढायला तयार! मी शाळेत हस्तकला शिकवते, तेव्हा हे मत थोडे पक्षपाती असणार. पण ज्यांच्या घरी आजीच्या हातचे क्रोशाचे तोरण अजून निघते, ते माझ्या बाजूने साक्ष देतील.

क्रोशा हा शब्द फ्रेंचांचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ लहानसा आकडा, आणि सारी विद्या खरोखर त्या आकड्यातच आहे. लोकरीचे विणकाम करताना दोन सुयांवर पन्नास-साठ टाके एकाच वेळी जिवंत असतात; एक निसटला की शिडीसारखे थेट खालपर्यंत उसवत जाते. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत. बाकीचे आपापल्या जागी बसून गेलेले असतात. मी कादंबऱ्याही लिहिते, आणि या एका गोष्टीसाठी मला क्रोशाचा हेवा वाटतो. कादंबरीचे नववे प्रकरण बिघडले तर कुठून कुठवर उसवायचे हेच समजत नाही. इथे दोरा ओढला की चूक सुटते आणि दोरा जसाच्या तसा हातात राहतो.

शिकणाराने पहिल्याच दिवशी आजीच्या पेटीतली बारीक पोलादी सुई आणि चाळीस नंबरचा दोरा घेऊन बसू नये. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे दुकानात गेल्याशिवाय कोणी सांगत नाही. जाड सुती दोरा किंवा साधी लोकर घ्यावी आणि साडेतीन-चार मिलिमीटरची सुई. रंग फिका असावा. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत आणि दोष मात्र आपल्या डोळ्यांना दिला जातो. दोरा डाव्या करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून घ्यायचा. आमच्या शाळेतल्या मुली हल्ली मोबाइलवर बघून शिकून येतात, आणि त्या सगळ्या सुईकडे, म्हणजे उजव्या हाताकडे, टक लावून बघतात. पण दोऱ्याचा ताण सांभाळण्याचे खरे काम डावा हात करतो. संसारासारखेच आहे, सुई मिरवते, बोटे राबतात.

आता फूल. दोऱ्याला सरकफास देऊन तो सुईवर घ्या. सुईने दोरा पकडून फासातून ओढला की एक साखळी झाली. अशा पाच साखळ्या करा आणि सुई पहिल्या साखळीत घालून, दोरा पकडून, दोन्हींतून एकदम बाहेर ओढा. छोटीशी अंगठी तयार होईल. एक साखळी घालून आता त्या अंगठीच्या पोटात दहा मुके खांब घालायचे. मुका खांब म्हणजे सुई आत घालून दोरा ओढून आणला की सुईवर दोन फास होतात, त्या दोन्हींतून दोरा एकदम काढायचा. नावे घरोघरी थोडी बदलतात. मी आमच्या घरची सांगते आहे. दहा झाले की शेवटचा पहिल्याला जोडून घ्या. ही फुलाची डोळी.

पाकळी हीच गंमत. एक साखळी घाला, पहिल्या टाक्यात एक मुका खांब घाला. पुढच्या एकाच टाक्यात पाच जण बसवायचे: अर्धा खांब, तीन पुरे खांब, पुन्हा अर्धा खांब. पुऱ्या खांबासाठी आधी सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यायचा, मग सुई आत घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फास दिसतील. दोनांतून काढा, पुन्हा दोनांतून काढा. अर्ध्या खांबाला तेच तीन फास, पण तिन्हींतून एका दमात. बाजूचे खांब बुटके आणि मधले उंच, म्हणून पाकळीला आपोआप गोलाई येते. पुढच्या टाक्यात मुका खांब, त्याच्या पुढच्यात पुन्हा पाच जण. डोळीचे टाके दहा, तेव्हा पाकळ्या पाच. शेवटी पहिल्या मुक्या खांबाला जोडून, चार बोटे दोरा ठेवून कापा, टोक फासातून ओढून घ्या आणि शिवणाच्या सुईने मागच्या बाजूच्या तीन-चार टाक्यांत लपवा.

सहा पाकळ्या झाल्या तर समजावे की डोळीत दहाऐवजी बारा टाके पडले. फूल वाटीसारखे आत वळले तर टाके कमी. झालरीसारखे लहरू लागले तर जास्त. वर्गात मुलींना अशा लहरी फुलाची फार लाज वाटते. त्यांना मी एक गोष्ट सांगते. लॅटव्हियात जन्मलेल्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९९७ साली, मुद्दाम टाके वाढवत वाढवत असेच लहरी क्रोशाकाम केले. जिथे एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात, अशी एक भूमिती आहे. तिचा पृष्ठभाग कागदाचा केला तर फाटे. बाईंच्या क्रोशाच्या झालरीवर विद्यार्थी तो बोटांनी चाचपून पाहू लागले. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. ती भूमिती मला कोणी फळ्यावर मांडून दाखवली तर मी गप्प बसेन. पण झालर का उठते ते मला ठाऊक आहे, आणि त्या बाईंनाही ते सुईनेच दाखवावेसे वाटले याचे मला अप्रूप वाटते.

हे फूल मला आत्याने शिकवले. ती तेविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. घरात तिला कोणी टाकून बोलले नाही. पण पाहुण्यांनी ‘ही काय करते?’ म्हणून विचारले की ठरलेले उत्तर मिळे: ‘काही नाही, घरीच असते. सुई घेऊन वेळ घालवते झालं.’ पहाटे नऊ माणसांचा चहा आणि सकाळचा स्वयंपाक उरकून ती दुपारी जी सुई हातात घेई, ती दिवेलागणीला खाली ठेवी. गावातल्या निम्म्या मुलींचे रुखवत तिच्या मांडीवर तयार झाले. तोरणे, ताटावरचे रुमाल, मण्यांची झालर लावलेली पेल्यावरची झाकणे, बाळाची टोपडी. गिऱ्हाईक दुपारच्या वेळी मागच्या दाराने येई, कारण रुखवत विकत आणलेले आहे हे कोणाला कळून चालत नसे.

लग्नात रुखवताशेजारी उभी राहून नवरीची आई सांगे, ‘सगळं आमच्या मुलीनं स्वतः केलंय हो!’ अशाच एका लग्नात मी दहा-अकरा वर्षांची, आत्याच्या शेजारी उभी होते. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात घट्ट दाबला. घरी आल्यावर म्हणाली, ‘पैसे दिलेत ना त्यांनी? फुलाचे दिले म्हणजे नावाचेही दिले.’ मला ते तेव्हा पटले नाही, आणि आजही पटत नाही.

१९९५ च्या दिवाळीच्या सुमारास माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी भरायची होती आणि वडिलांचा पगार तीन महिने थकला होता. आत्याने पितळी डब्यातून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. फुलांचा भाव त्या वेळी डझनाला बारा रुपये होता. तेवढ्या फीत किती डझन फुले मावतात याचा हिशेब मी त्या रात्री अंथरुणात पडून केला होता. घरातल्या, काही न करणाऱ्या बाईने ती फी भरली. तरी पुढच्या महिन्यात पाहुण्यांना मिळालेले उत्तर तेच होते.

पुढे वाचनात आले की ही तऱ्हा काही आमच्याच घरची नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला, तेव्हा तिथल्या मठांतून आणि पाद्र्यांच्या बायकांकडून खेड्यापाड्यांतल्या बायकांना क्रोशा शिकवला गेला. क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड या बाईंनी १८४७ मध्ये हे काम सुरू केले. एकीवर एक पाकळ्यांचे थर असलेला जो आयरिश गुलाब आज हौसेने विणला जातो, तो भुकेच्या दिवसांत अशा बायकांच्या हातून घरोघर झालेला आहे. आणि आपल्याकडे आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला, पिढ्यान् पिढ्या बायका क्रोशाची लेस करतात. एकीने फुले करायची, दुसरीने जोडायची. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिले. परदेशी जाणारा माल ज्यांच्या बोटांतून निघत होता, त्या बायकांना कामगार कोणी म्हणत नसे. त्या गृहिणी, फावल्या वेळात सुई चालवणाऱ्या. मी हे आत्याला मराठीत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘मधला दलाल किती ठेवत होता?’

आता ती ऐंशी ओलांडून गेली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी बारीक दोरा दिसत नाही. म्हणून मांडीवर काळे फडके पसरून जाड पांढऱ्या दोऱ्याने विणते, आणि डोळीचे दहा टाके अंगठ्याच्या नखाने मोजते. खळ मात्र तिच्या हातचीच लागते. साबुदाणा शिजवून पातळ, गाळलेली. त्यात फूल बुडवून, पिळून, पाटावर फडक्यात एकेक पाकळी बोटाने ओढून वाळवायची. उन्हात नको, सावलीत. बाजारच्या खळीला ती नाक मुरडते, आणि इथे मी तिच्या बाजूची आहे.

शाळेत दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरते. विक्रीही होते. प्रत्येक फुलाला करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची हा नियम मी घातला आहे. मुलगेही विणतात, सातवीतल्या एकाचा हात तर मुलींहून सारखा आहे. गेल्या वर्षी एक बाई आल्या, फुले त्यांना फार आवडली, शंभर घेते म्हणाल्या. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवर लावून भेट द्यायची होती. ‘तेवढ्या त्या चिठ्ठ्या काढून द्या हं. घरी केलीत म्हणून सांगता येईल.’ वाईट मनाच्या नव्हत्या, हसतच म्हणाल्या. मी म्हटले, चिठ्ठीसकट हवी असतील तर देते. त्यांनी जरा विचार केला आणि चाळीस घेतली.

संध्याकाळी आत्याला सांगितले. ‘साठ फुलं घालवलीस,’ ती म्हणाली. रागावली होती की नाही ते तिच्या आवाजावरून कळेना. मग थोड्या वेळाने, फडके झटकत, ‘चाळीसांचे पैसे पोरांना दिलेस का?’ दिले होते. सातवीतल्या त्या मुलाने आपल्या वाट्याच्या पैशांतून त्याच दुपारी लाल दोऱ्याचा गोळा आणला होता.

‘लाल?’ आत्या म्हणाली. ‘लाल रंग सोडतो. आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेव म्हणावं त्याला.’