सत्तावीसशेचा फरक

मी बी.कॉम. आहे, म्हणजे गणिताशी माझं नातं चुलत आहे. बँकेत गेली बावीस वर्षं लोकांचे पैसे मोजतो. स्वतःचे मोजायला हाताची बोटं पुरतात.

घर अमरावतीला, शाखा अकोल्याला. त्यामुळे बडनेऱ्याला गाडीची वाट पाहणे हा माझा जोडधंदा. एका सकाळी तिथल्या बाकावर पोरीनं दिलेलं कोडं घेऊन बसलो. नऊ वेळा एक मांडायचा, 111111111, आणि त्याचा वर्ग करायचा. उत्तर 12345678987654321! सतरा आकडे. नवापर्यंत चढतात आणि त्याच पायऱ्यांनी मुकाट खाली उतरतात. उलटे वाचा, तरी तेच. जुन्या मोजणीत ही स्वारी ‘मध्य’च्या घरात, परार्धाच्या एकच घर अलीकडे. आकड्यांची बेरीज 81, आणि 81 नं तिला पुरता भाग जातो. लोभानं दहावा एक लावाल तर मात्र शिस्त मोडते. चढणीवरचा आठ गळतो आणि मधे दोन शून्यं येऊन बसतात.

ही ‘डेम्लो’ संख्यांपैकी एक. देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर (1905–1986) यांनी या संख्यांचा नाद मुंबईजवळच्या डेम्लो स्टेशनावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, घेतला. म्हणून हे नाव. आपल्याच आकड्यांच्या बेरजेनं जिला भाग जातो तिला ‘हर्षद’ म्हणतात, तेही नाव त्यांचंच. मास्तरांना स्टेशनावर संख्या सापडल्या. मला स्टेशनावर एवढंच सापडतं, की गाडी लेट आहे.

त्याच संध्याकाळी माझ्या कॅशमध्ये 2,700 रुपये कमी! कमी पडले की भरायचे कॅशियरनं. डोळ्यांपुढे पोरीच्या क्लासची फी नाचू लागली. तेवढ्यात डोक्यात उजेड पडला: सत्तावीसशेला नवानं भाग जातो! शेजारचे दोन आकडे उलटे झाले, की फरकाला नवानं भाग जायचाच; आमच्या धंद्यातलं हे आजीबाईच्या बटव्यातलं औषध. स्लिपा उलगडल्या. एक निघाली 6,900 ची. मी 9,600 मोजून दिले होते.

घेणारे खेड्यातले एक म्हातारे काका. फोन लागेना. ‘आता कुठले येतात पैसे!’ असं बायकोला सांगून मी रात्रभर कूस बदलत राहिलो.

सकाळी शाखा उघडली, तर काका पायरीवर. रुमालाची गाठ सोडत म्हणाले, “साहेब, राती सुनेनं मोजले तवा कयलं. मी त मोजलेच नाई. म्हटलं, बँकवाले कायले चुकतीन!”

चहा पाजला. एसटीचं भाडं देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

ती सतरा आकडी संख्या तरी दुसरं काय करते? इकडून वाचा की तिकडून, सारखीच. काकांचं तसंच होतं. आकडे उलटे वाचले ते मी, आणि रात्रभर माणूस उलटा वाचला तोही मीच.