मेट्रोने स्कीला

ओस्लोच्या मेट्रोची एक नंबरची गाडी शहराखालच्या बोगद्यातून बाहेर पडते आणि डोंगर चढत फ्रोग्नरसेटेरेनला थांबते. हिवाळ्यातल्या रविवारी डब्यात आजोबा, नातवंडं, बायाबापड्या, सगळ्यांच्या हातात स्कीच्या लांब पट्ट्या. स्टेशनाबाहेर नूरमार्काचं जंगल. त्याला ना तिकीट, ना फाटक. १९५७ च्या नॉर्वेजियन कायद्याने रानावनात पायी किंवा स्कीवर फिरण्याचा हक्क सर्वांनाच आहे, परदेशी पाहुण्यालाही.

स्की म्हटलं की आपल्याला गुलमर्गचा उतार आठवतो. हा प्रकार निराळा. यात बूट फक्त पुढून पट्टीला अडकतो, टाच मोकळी. म्हणजे हे खरं तर चालणंच, पण घसरत घसरत. यंत्राने बर्फात रुळांसारखे दोन चर पाडलेले असतात. त्यात एक पाय रेटायचा, दुसऱ्यावर घसरायचं आणि काठ्यांनी जोर द्यायचा. चढावर पट्ट्यांची पुढची टोकं फाकवायची, उतारावर तीच जवळ आणून वेग मारायचा. पहिला तास पडण्यात जातो. पडण्याचं फारसं दुःख नाही, पण शेजारून चार वर्षांची पोरगी सुळकन निघून जाते, ते जास्त लागतं!

कपड्यांचं एकच सांगणं : आत लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घामाने भिजतं आणि थांबलात की अंग गारठतं. आपल्या भगिनींना हा खेळ सोयीचा, कारण इथे सगळेच नखशिखांत झाकलेले. लोकरी टोपीखालचा हिजाब वेगळा दिसतही नाही.

वाटेत उलेव्होलसेटेरसारख्या जुन्या शेतघरांत गरम वाफल आणि कोको मिळतो. सॉसेज मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, ते बहुधा डुकराचं असतं. हलाल सामानासाठी शहरातल्या ग्रोनलँड भागातली दुकानं बरी. नॉर्वेकर स्वतः पाठपिशवीत संत्री आणि १९३७ पासून चालत आलेलं ‘क्विक लुन्श’ चॉकलेट ठेवतात. आपणही तेच करावं, स्वस्त पडतं.

खरी काळजी घ्यायची ती वेळेची. डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. जुहर ते मगरिब जेमतेम तीन तास, असर मध्येच निसटते. म्हणून जायनमाज पाठपिशवीत असावी आणि जुहर शेतघरातच उरकून निघावं. अंधाराची भीती वाटत असेल तर दिवे लावलेल्या वाटा आहेत, तिथे रात्री जेवण झाल्यावरही माणसं घसरत असतात. नवख्यांनी मात्र फेब्रुवारी गाठावा. बर्फ भरपूर असतो आणि ऊनही.