गाडी विकली, पण घर त्यातच राहिलं

मागच्या वर्षी रमजानच्या आधी आम्ही सहा वर्षं वापरलेली एक गाडी घेतली. एजंटने टायर दाखवले, बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकवला, एसी लावून दाखवला. शेवटी डॅशबोर्डमधल्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "नेव्हिगेशन कंपनी फिटेड आहे साहेब, बाहेरून बसवलेलं नाही." फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, इन्शुरन्स नावावर झाला, आरसीचंही काम मार्गी लागलं. सगळं रीतसर झालं.

निदान मला तसं वाटलं होतं.

गाडी घेऊन घरी निघालो. कोंढव्याचा रस्ता पाठ आहे, पण नवीन खेळणं हाती आल्यावर मुलीला राहवेना. तिने स्क्रीनवरचं घराचं चित्र दाबलं. आतल्या बाईने इंग्रजीत सांगितलं, पुढच्या चौकात उजवीकडे वळा. मी डावीकडे वळलो. तिने न रागावता यू-टर्न सांगितला. मग पाहिलं तर निळी रेघ निगडीकडच्या कुठल्यातरी सोसायटीत जात होती. मुलगी हसत सुटली. "अब्बू, आपण विकत घेतलंय हे हिला अजून कळलंच नाही!"

आम्हीही हसलो. पण रात्री डोक्यातून ते निघेना. गाडीला दुसऱ्याचं घर माहीत होतं.

बऱ्याच लोकांना वाटतं की वरून उपग्रह आपल्यावर नजर ठेवून असतो. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकजण फक्त दोन गोष्टी सांगत असतो: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा काढतं. आपण कोंढव्यात आहोत की निगडीत, हे उपग्रहाला ठाऊकही नसतं. कंपनीने बसवलेली सिस्टीम तर चाकांच्या फेऱ्याही मोजते. म्हणून कात्रजच्या नव्या बोगद्यात उपग्रह तुटले तरी स्क्रीनवरचा बाण पुढे सरकत राहतो.

म्हणजे आपण कुठे राहतो, कुठे जातो, कुणाला फोन करतो, हे आकाशात लिहिलेलं नसतं. आमच्यासारख्या गाडीत ते डॅशबोर्डमध्येच लिहिलेलं असतं. आणि ते आपण स्वतःच्या बोटाने लिहिलेलं असतं.

आमच्या गाडीतला नकाशा एका छोट्या कार्डात आहे. कार्ड तयार झालं त्या दिवशी तो थांबला. समृद्धी महामार्ग त्यात नाही. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, आमचं कार्ड त्याहून जुनं. त्या रस्त्याने गेलो तर गाडी सरळ शेतातून चालल्यासारखी दिसते. या नकाशात औरंगाबाद अजून औरंगाबाद आहे आणि उस्मानाबाद उस्मानाबाद. नावं अधिकृतपणे बदलली 2023 मध्ये. माझी सासुरवाडी तिकडची. बायको आधी बाहेरच्या पाटीकडे बघते, मग स्क्रीनकडे, आणि काही बोलत नाही.

नकाशा जुना असला तर फार तर रस्ता चुकतो. पण 'मागील ठिकाणं' नावाची यादी उघडल्यावर मी गप्प झालो.

आधी एका शाळेचं नाव, मग एक मंगल कार्यालय, कोकणातला एक समुद्रकिनारा. त्यानंतर एक डायग्नोस्टिक सेंटर. मग एक मोठं हॉस्पिटल. परत तेच हॉस्पिटल. मग रक्तपेढी. मग पुन्हा हॉस्पिटल. यादी तिथेच संपत होती. ब्लूटूथमधून उतरलेली फोनमधली नावंही होती, चारशेच्या वर. काही गाड्यांत फोन दूर गेला की ही नावं लपतात. आमच्या गाडीत राहिली होती. आई, दादा, ताई ऑफिस, दूधवाले काका, डॉक्टर. एका अनोळखी घराचं एक वर्ष माझ्यासमोर उघडं पडलं होतं. गाडी त्यांनी का विकली असेल, याचा अंदाजही मी मनात बांधून टाकला होता.

मी अजून खाली सरकवणार, तेवढ्यात मागून बायको आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "ये तो किसीके घर में बिना पूछे झाँकने सरीखाच हुआ. अमानत है ना वो? बंद करो."

मी बंद केलं. आणि लगेच आमची जुनी गाडी आठवली.

अम्मी साताऱ्याला असायची. शेवटची दीड वर्षं तिचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातले दोन दिवस धाकटा भाऊ न्यायचा, शनिवार माझा. त्या गाडीच्या स्क्रीनवर मी तीन पत्ते साठवून ठेवले होते: घर, अम्मी, डायलिसिस. अम्मी गेली आणि त्या पुढच्या सीटकडे बघवेना. महिन्याभरात गाडी बारामतीच्या एका शिक्षकांना विकून टाकली. देताना आरशाला लटकवलेली तस्बीह काढली. काचेवरचा सफरच्या दुआचा स्टिकर ब्लेडने खरवडून काढला. डिकीतली चटई काढली, सीटखाली गेलेली अम्मीची औषधाची डबीसुद्धा शोधून काढली. स्क्रीनला हात लावला नाही. तिथे काही राहिलंय, हे डोक्यातच आलं नाही.

त्यात माझ्या बहिणीचा नंबर होता. भावजयीचा, भाच्यांचे, मोहल्ल्यातल्या सगळ्यांचे. ती नावं माझी नव्हती. त्यांनी विश्वासाने मला दिलेली होती. हल्ली कुणाचं नाव आणि नंबर कुणाच्या हाती पडेल आणि त्याचं काय होईल, याची धास्ती आपल्या घरांमधल्या बायकांना किती असते, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी असर झाल्यावर त्या शिक्षकांना फोन लावला. तीन वर्षांनी फोन केला होता, तरी त्यांनी लगेच ओळखलं.

"बोला सर! गाडी एकदम झकास आहे तुमची."

मी चाचरत विचारलं, स्क्रीनवर आमचं काही राहिलंय का.

"आहे की! कोंढव्याचं घर मी पहिल्याच दिवशी बदललं, नाहीतर ती सारखी पुण्याला न्यायला बघायची. फोनची नावंही आहेत, पण आम्ही काय उघडून बघितलं नाही हो. आणि एक साताऱ्याचं आहे, 'अम्मी' म्हणून. ते तेवढं ठेवलंय. म्हटलं, कुणाच्या आईचा पत्ता आपण कसा पुसायचा?"

मला पटकन बोलता येईना. त्यांनीच विचारलं, "बऱ्या आहेत ना त्या?"

"नाहीत. तीन वर्षं झाली."

थोडा वेळ दोघेही गप्प. मग ते हळूच म्हणाले, "मग काय करू? राहू दे का काढू?"

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, राहू दे म्हणावं. बारामतीत कुठेतरी एका गाडीत माझ्या अम्मीचं नाव उजळतंय, तर उजळू दे. पण बाकीची चारशे माणसंही तिथेच होती. त्यांना मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काढा सर. सगळंच काढा." ते गाडीत जाऊन बसले आणि मी फोनवरून सांगत गेलो. सेटिंग, मग सिस्टीम, मग फॅक्टरी रीसेट. "सगळं जाणार म्हणतंय. होय दाबू?" "दाबा," म्हणालो. त्याच रात्री मी आमच्या गाडीतलं ते निगडीचं घरही पुसलं.

2023 मध्ये मोझिला फाउंडेशनने 25 मोटार कंपन्यांची धोरणं तपासली होती. लोकांची खासगी माहिती जपण्याच्या परीक्षेत 25 च्या 25 नापास झाल्या. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. 2023 मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने मंजूर केला. हे सगळं हवंच. पण कायदा काही एजंटच्या आवारात येऊन तुमची स्क्रीन पुसणार नाही. ते काम आपलंच आहे.

म्हणून गाडी विकत असाल, तर किल्ली देण्याआधी दहा मिनिटं स्क्रीनसमोर बसा. घराचा पत्ता, साठवलेली ठिकाणं आणि मागच्या प्रवासांची यादी पुसा. ब्लूटूथमधून आपला फोन काढा, आणि फोनमधूनही गाडीचं नाव काढा. शेवटी फॅक्टरी रीसेट करा. पेनड्राइव्ह काढून घ्या, नकाशाचं कार्ड मात्र गाडीतच राहू द्या. गाडी मोबाइल अॅपला जोडलेली असेल तर ते खातं तोडा. नाहीतर विकलेली गाडी आज कुठे उभी आहे, हे तुम्हाला घरबसल्या दिसत राहू शकतं, आणि हेही तितकंच वाईट. फास्टॅगही बंद करा. तुमच्या नातेवाइकांनी गाडी विकली असेल, तर त्यांनाही विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे माहीत नसतं, त्यांच्याजवळ बसून करून द्या.

आणि जुनी गाडी घेतली असेल, तर यादी वाचू नका. सरळ पुसा.

रीसेट झाल्यावर आमच्या स्क्रीनने नव्या गाडीसारखी आधी भाषा विचारली, मग घर. मुलीने कोंढव्याचा पत्ता टाकला. "दादीचं टाकू?" तिने विचारलं. साताऱ्याच्या घरात आता धाकटा भाऊ राहतो. मी म्हटलं, टाक, पण चाचाच्या नावाने टाक.