रेणापूरचे गुरुजी आणि हैदराबादचे रहीमसाब

आईचे माहेर लातूरकडचे. रेणापूरच्या रेणुकादेवीला तिने कधीकाळी नवस बोलला होता. आई गेली, नवस राहिला. आणि राहिलेले नवस फेडण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. म्हणून गेल्या नवरात्रात आम्ही उभयता लातूरहून अंबाजोगाईच्या एस.टी.त बसलो आणि रेणापूरला उतरलो. काळीभोर जमीन, काढून ढीग घातलेले सोयाबीन, पावसाळा संपल्यावर अंग चोरून वाहणारी रेणा नदी आणि देवळाबाहेर नारळ-खणांची दुकाने. दर्शनाला बायकांची रांग भली लांब. सौ. रांगेत उभी राहिली आणि मी चहाच्या शोधात निघालो.

वाटेत एका पटांगणावर पोरे क्रिकेट खेळत होती. कडेच्या पारावर पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी सहज म्हणालो, "इथंही क्रिकेटच!"

"क्रिकेटच, पाव्हणे. आम्ही मात्र फुटबॉलवाले. तेही हैदराबादी!"

मी चमकलो. गिरगावातल्या माझ्या लहानपणी वडील हा शब्द रोज उच्चारीत. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 ओळीने पाच वेळा रोव्हर्स कप नेला, आणि वडिलांनी कूपरेजवर त्यांचा खेळ डोळे भरून पाहिला होता. हे सांगताच म्हाताऱ्याने सरकून मला पारावर जागा दिली. चहा राहिलाच.

हे निवृत्त शिक्षक; गाव त्यांना गुरुजीच म्हणते. 1950 साली, बाराव्या वर्षी, ते हैदराबादला मामांकडे शिकायला गेले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली होती, पण मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि पुढच्या शिक्षणाची वाटही तिकडेच जायची. त्याच वर्षी सय्यद अब्दुल रहीम यांनी पोलिसांचा संघ हाती घेतला.

रहीमसाब मूळचे मास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे कला पदवीधर; काचीगुडा, चादरघाट अशा ठिकाणच्या शाळांतून त्यांनी मुले शिकवली, पुढे व्यायामशिक्षणाची पदविका घेतली. 1943 पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते चिटणीस होते. मास्तरकी त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. पोरांसाठी ते असे सामने भरवीत, की ज्याचा उजवा पाय चांगला त्याने डाव्यानेच खेळायचे! काही सामन्यांत चेंडू घोळवायलाच बंदी. आला की दिला पाहिजे. सिकंदराबादच्या तुळशीदास बलरामला मैदानापर्यंत येणे परवडेना, तेव्हा त्याच्या भाड्याच्या सायकलीचे पैसे त्यांनी दिले. पुढे तो देशाचा नामांकित खेळाडू झाला.

"मी त्या डाव्या पायाच्या खेळात दोनदा पडलो," गुरुजी म्हणाले. "पण घरी सांगायची सोय नव्हती."

मी विचारले, "का हो?"

ते थोडा वेळ पोरांकडे पाहत राहिले. 1948 साली रझाकारांनी त्यांचे घर लुटले होते. वडील बायकापोरांना घेऊन रातोरात सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेले. लूट चालली असता निजामाचे पोलीस दारात विड्या ओढीत उभे होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. राज्य बदलले तरी 'हैदराबादचा पोलीस' हा शब्द घरात निघत नसे. आणि मुलगा तिकडे पोलिसांचा गोल झाला की टोपी उडवीत होता! वडिलांनी पत्रातून विचारले, कसला खेळ खेळतोस? याने लिहिले, खो-खो.

ही थाप बारा वर्षे चालली. मध्ये बरेच घडले. रहीमसाबांच्या हाताखाली भारताने 1951 साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक घेतले. 1956 साली मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. आमच्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तिथे ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले होते. तोवर गुरुजी गावी येऊन नोकरीला लागले होते. 4 सप्टेंबर 1962 ला जकार्तात, सारे प्रेक्षागृह विरोधात ओरडत असताना, भारताने दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगने त्यातला एक गोल केला. बातमी आली तेव्हा गुरुजींना राहवेना. त्यांनी वडिलांना सारे सांगून टाकले.

"म्हणजे पोलिसांचा माणूस," वडील म्हणाले.

"मास्तर आहेत, दादा."

"मास्तर असून पोलिसांना काय शिकवतो?"

"चेंडू आपल्यापाशी ठेवू नये, दुसऱ्याला द्यावा, हे."

दादा काही बोलले नाहीत. जेवून उठले.

रहीमसाबांना तेव्हा कर्करोगाने गाठले होते. सिगारेटचा त्यांना फार नाद. जकार्ताच्या विजयाला वर्षही झाले नव्हते. 11 जून 1963 ला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले. बातमीचे वर्तमानपत्र रेणापूरला उशिरा आले. शाळेला सुटी होती, गुरुजी ओसरीवर बसले होते. दादांनी पेपर वाचून घडी घातली, मुलासमोर ठेवला, आणि "तुझे मास्तर गेले रे," एवढेच म्हणून ते शेताकडे चालू लागले.

"तुझे म्हणाले," गुरुजी मला दोनदा सांगत होते.

एवढ्यात सौ. प्रसाद घेऊन आली. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि तिला विचारले, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी कूपरेजवर कोणत्या सालचा सामना पाहिला?"

तिने माझ्याकडे पाहिले. मला चहा मिळाला की नाही, एवढेच तिला विचारायचे होते.