वाळ्याचा वास

एप्रिल सरत आला की ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आमच्या गल्लीत भर दुपारी दारं लागतात. दाल बाजाराकडून येणारा हातगाड्यांचा खडखडाट हळूहळू विरतो, भिंतींवरचं ऊन पांढरं पडत जातं, आणि अशा वेळी समोरच्या जुन्या वाड्याच्या खिडकीतून ओल्या वाळ्याचा वास येतो. खसच्या टट्ट्या आता कुणाकडे उरल्यात! कूलरच्या जाळीत कोंबलेला असतो तो वाळा. वास मात्र तोच, मोठ्या बाईंच्या खोलीतला.

मुलींची शाळा होती आमची, मोठ्या बाई तिच्या मुख्याध्यापिका. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली छावणी टाकली, ती उठलीच नाही, म्हणून या भागाचं नाव लष्कर पडलं. पण बाईंच्या शाळेत लष्करी असं काही नव्हतं. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. मंदिराची पिंड रस्त्यात येते म्हणून हलवायला हत्ती जुंपले, साखळदंड तुटले, पण ती हलली नाही अशी आमच्या अचलेश्वराची गोष्ट इथे घरोघर सांगतात. आम्ही नव्या शिक्षिका बाईंना आपसांत अचलेश्वरच म्हणायचो. थोडं कौतुकानं, थोडं वात्रटपणानं.

निकालाच्या त्या दिवशी मात्र मला हसू सुचलं नव्हतं. नववीच्या एका मुलीच्या गणिताच्या गुणांची बेरीज मी चुकवली होती, आणि पोरगी नापास झाली होती. तिचे वडील कागद टेबलावर आपटून बोलू लागले. मी दाराशी उभी. घसा कोरडा, कानात नुसती शीळ.

बाई ऐकत राहिल्या. मधे एक शब्द नाही. लहानपणी त्या कृष्णराव पंडितांनी १९१४ साली काढलेल्या शंकर गांधर्व महाविद्यालयात गाणं शिकल्या होत्या, आणि ग्वाल्हेरची रीतच अशी की आधी अस्थाई-अंतरा पुरता मांडायचा, विस्तार नंतर. त्या गृहस्थांची अस्थाई झाली, अंतरा झाला, त्यात माझ्या शिक्षणाचा उद्धारही झाला. मग बाई उठल्या. कोपऱ्यातल्या माठातून पितळी लोटा भरून घेतला आणि आमच्याकडे पाठ करून टट्टीवर पाणी मारू लागल्या. वरून खाली, संथ, एकेक ओंजळ. काड्यांतून थेंब ओघळले, लू थबकल्यासारखी झाली आणि खोलीभर तो मातकट, गोडसर गारवा पसरला. बोलणारे गृहस्थही थांबले. त्या वासात कुणाला ओरडता येत नसावं.

बाई वळल्या. "भाईसाहब, ग़लती हमसे हुई है. बैठिए, पानी लीजिए."

हमसे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नंतर मला शेजारी बसवून म्हणाल्या, "कर गं परत बेरीज, सावकाश. मी आहे इथेच."

किती वर्षं तो शब्द मी उराशी धरला! आणि बाईंचा तो शांतपणा जन्मजात असणार, मोठी माणसं तो बरोबर घेऊनच येतात, असं समजून स्वतःला कमीही लेखत राहिले.

पुढे त्याच खुर्चीत मी बसले. एका दुपारी पालकांचा घोळका आत आला, सगळे एकदम बोलत होते, आणि माझे ओठ थरथरताहेत हे मला जाणवलं. मी उठले. काही ठरवून नव्हे. तोंड लपवायला खोलीत तेवढीच एक जागा होती. लोटा भरला, टट्टीसमोर उभी राहिले. हात असा कापत होता की निम्मं पाणी काड्यांवर आणि निम्मं माझ्याच पायांवर. साडीचा काठ चिंब होऊन घोट्याला चिकटला.

त्या गारव्याबरोबर काहीतरी आठवलं आणि मी तशीच उभी राहिले.

उन्हाळाभर बाईंच्या पातळाचा काठ ओला असायचा. बाईंना धड पाणीही मारता येत नाही, म्हणून आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. रोजचाच ओला. व्हरांड्यातून त्या गेल्या की फरशीवर ओल्या काठाची एक पुसट रेघ उमटत जायची आणि पुढच्या तासाची घंटा होईतो वाळून जायची.