नंबराची चिठ्ठी

मी चिनी कादंबऱ्या वाचतो म्हटले की आमच्या शिक्षकांच्या खोलीत थोडी हसाहस होते. चिनी मला येत नाही आणि इंग्रजीही मॅट्रिकपुरतेच. शब्दकोश उशाशी घेऊन, दिवसाला दहा पाने, असे ते वाचन चालते. पण मरणाच्या गोष्टी भराभर वाचायच्या नसतातच.

यू ह्वा यांची ‘सातवा दिवस’ ही २०१३ सालची कादंबरी. यू ह्वा यांचे वडील शल्यवैद्य. लहानपणी त्यांचे घर इस्पितळाच्या शवागारासमोर होते, आणि उन्हाळ्यात दुपारी हा मुलगा तिथल्या गार ओट्यावर जाऊन झोपे! अशा माणसाला मरणाची भीती घालता येत नाही. त्यांचा नायक यांग फेई पहिल्या पानावरच मेलेला आहे. त्याला दहनगृहाचा निरोप येतो : आज तुमचे दहन, वेळेवर या. खानावळीतल्या स्फोटात त्याचा चेहरा विस्कटलेला आहे. डोळा, नाक जागच्या जागी बसवून तो घराबाहेर पडतो. दहनगृहात पांढरे हातमोजे घातलेला एक थकलेला माणूस त्याला नंबराची चिठ्ठी देतो. साध्या मेलेल्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बड्या मेलेल्यांना सोफे. दोन्हीकडे गप्पा मात्र एकच, कबरीच्या जागेचे भाव! यांग फेईला जागाच नाही. तेव्हा तो न जळताच उठून चालू लागतो.

इथे मी पुस्तक मिटले ते आठ दिवस उघडले नाही.

एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील गेले ते त्या साथीत. स्मशानाच्या फाटकाशी आम्हालाही नंबर मिळाला होता. दुपारपासून रात्री नऊपर्यंत मी तो कागद मुठीत धरून उभा होतो. दुःख झाले म्हणावे तर ते त्या वेळी जवळपासही नव्हते. नंबर पुकारतील आणि आपल्याला ऐकू येणार नाही, एवढीच धास्ती. पिशवी बंद होती. तोंड कुणी पाहिले नाही. त्यानंतर कितीतरी रात्री आई अंथरुणातून विचारायची, “आत हेच होते ना रे?” मी हो म्हणायचो. दुसरे काय म्हणणार?

रहस्यकथांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला या चिनी कादंबरीत चुकल्यासारखे होईल. माणूस कशाने मेला ते आधीच सांगून टाकलेले. कोडे आहे ते बापाचे. यांग फेई चालत्या गाडीच्या संडासातून रुळांवर पडलेले पोर. एका अविवाहित सांधेवाल्याने ते उचलले, वाढवले आणि त्यापायी आपले लग्नही होऊ दिले नाही. म्हातारपणी असाध्य दुखणे जडल्यावर, पोराचे घरदार विकले जाऊ लागलेले पाहून, तो एक दिवस न सांगता निघून गेला. मेलेला मुलगा मेलेल्यांतच त्याला शोधत फिरतो. आणि तो सापडतो कुठे? त्या पांढऱ्या हातमोज्यांत! पहिल्या भेटीत दोघांनीही एकमेकांना ओळखलेले नसते.

पुस्तकाचा मधला भाग मला सैल वाटला. वर्तमानपत्रातल्या बातम्या तशाच्या तशा आत आल्या आहेत. हा आक्षेप चीनमध्येही घेतला गेला. यान लिएनके यांची २००६ सालची ‘डिंग गावाचे स्वप्न’ मला बांधणीने अधिक घट्ट वाटते. रक्त विकून हनान प्रांतातली गावे एड्सने ओस पडली, ती कथा विष घालून मारलेला बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या भिंतीमागच्या आपल्या कबरीतून सांगतो. त्याचा आजोबा शाळेची घंटा देणारा. ती वाचल्यापासून आमच्या शाळेच्या घंटेकडे माझे लक्ष जाते, ते नको असते. तरीही मी परत वळतो तो ‘सातवा दिवस’कडेच.

मागच्या महिन्यात मेथी निवडता निवडता आईने विचारले, “काय एवढे वाचतोस रे?” मी सगळी गोष्ट सांगितली, नंबराची चिठ्ठीसुद्धा. ती ऐकत होती.

“मग बापाने ओळखले का त्याला?”

“ओळखले. शेवटी.”

“तोंड तसे असताना?”

“हो.”

तिने देठांचा ढीग पदरातून कागदावर झाडला आणि दुसरी जुडी सोडली.