दुखणं थांबतं, गोळी मात्र चालूच!

आमच्या नात्यात गुडघेदुखीची गोळी घरच्या लोणच्यासारखी वाटली जाते. "मला लगेच आराम पडला गं, तूही घेऊन बघ," असं म्हणत एका मावशीच्या पर्समधली अर्धी स्ट्रिप दुसरीच्या पर्समध्ये जाते. देण्यात मायाच असते, त्यामुळे कुणाला काही बोलायला जीभ रेटत नाही. पण मध्यंतरी आईचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, आणि म्हटलं, आता लिहायलाच हवं.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन... नावं वेगळी, काम साधारण एकच. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होणं ही औषधं रोखतात. अ‍ॅस्पिरिन असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गंमत म्हणजे, सूज आणि वेदना वाढवणारी हीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी नुसती गुडघ्यात थोडीच जाते!

आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू होती. त्यात ही तिसरी आली की मूत्रपिंडावर तिन्हीकडून ताण. "पण मी सोबत पित्ताची गोळी घेत होते की!" असं आईचं म्हणणं. ती जठराला जपते हो, मूत्रपिंडाला नाही. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली, दीड महिन्यात आकडा उतरला.

डॉक्टर लिहितात "पाच दिवस, जेवणानंतर". आपण जेवण लक्षात ठेवतो, पाच दिवस विसरतो. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्या आणू नयेत. दोन ब्रँडच्या आत एकच औषध असू शकतं, म्हणून स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचावीत. अल्सर, हृदयविकार, दमा असेल तर आधीच सांगावं. डेंग्यूची शंका असताना या गोळ्या घेऊच नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थेट दवाखाना गाठावा.

आईचे गुडघे अजून दुखतातच, खोटं कशाला बोलू? व्यायाम, शेक आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, एवढ्यावर चाललंय. जिने चढताना ती कुरकुरते, तेव्हा मलाही वाईट वाटतं.

असो. घरातल्या मोठ्यांचा औषधांचा डबा एकदा उघडा, आणि त्यातलं सगळं, अगदी मावशीने दिलेलंही, डॉक्टरांसमोर ठेवा.